अस्सल, नक्कल आणि जॅझची तबकडी

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी न्यू ऑर्लीन्स शहरात बडी बोल्डन नावाचा एक कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक होऊन गेला. त्याच्या वाद्याचा नाद रात्रीच्या वेळी कोसभर ऐकू जात असे, असे त्याचे समकालीन सांगत, आणि पुढे ज्याला जॅझ हे नाव मिळाले त्या संगीताचा आद्य पुरुष म्हणून त्याचा उल्लेख करण्याचा प्रघातही पडला आहे. परंतु १९०७ साली बुद्धिभ्रंश झाल्यामुळे त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली, १९३१ साली तेथेच त्याचा अंत झाला, आणि आज त्याच्या वादनाचा एक क्षणही कोणाच्या कानी पडू शकत नाही. एका मेणाच्या नळीवर आम्ही एकदा काही वाजवून ठेवले होते, असे त्याच्या एका साथीदाराने सांगून ठेवल्यामुळे संग्राहकांच्या कित्येक पिढ्या त्या नळीच्या शोधात झुरल्या. ती सापडलेली नाही. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याविषयी आपण जी हळहळ व्यक्त करतो, तिच्याच जातीची ही हळहळ आहे. फरक एवढाच की बुवांची तालीम शिष्यांच्या गळ्यांतून काही अंशी तरी पुढे चालत आली. जॅझमध्ये गुरुगृही राहून विद्या संपादन करण्याची तशी बांधेसूद परंपरा नव्हती, आणि तिची जागा फार लवकर तबकडीनेच घेतली. आयोवा संस्थानातील डॅव्हनपोर्ट गावी बिक्स बायडरबेक हा मुलगा घरच्या फोनोग्राफपाशी बसून तबकडीबरोबर कॉर्नेट वाजवीत शिकला. चार्ली पार्कर १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगराळ प्रदेशात नोकरीस गेला तेव्हा लेस्टर यंगच्या तबकड्या त्याने सोबत नेल्या होत्या, आणि त्या घोकून घोकून तो परत आला तेव्हा पूर्वी ज्यांनी त्याची टवाळी केली होती तेच त्याच्याकडे चकित होऊन पाहू लागले.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकाराने लिहून ठेवलेला कागद प्रमाण मानला जातो; बेथोव्हनची सिंफनी कोणी कितीही वाईट वाजवली तरी तिच्या मुळास धक्का लागत नाही, आणि तबकडी ही त्या मुळावरून झालेल्या अनेक प्रयोगांपैकी एका प्रयोगाची आठवण ठरते. जॅझमध्ये कागदावर असते ती बहुधा बारा किंवा बत्तीस खंडांची एक लहानशी चाल आणि तिला आधार देणारी स्वरमेळांची मालिका. त्या मालिकेवर लुई आर्मस्ट्राँगने अमुक दिवशी, अमुक खोलीत, अमुक साथीदारांना घेऊन जी उपज केली ती त्याने लिहून ठेवलेली नव्हती, दुसऱ्या दिवशी तशीच वाजवली असेल याचा भरवसा नाही, आणि म्हणून ती कोठे असलीच तर त्या दिवशीच्या तबकडीच्या चरीतच आहे. सबब जॅझची तबकडी हा अस्सल दस्तऐवज होय. आणि तिचा संग्राहक, तो आपल्या कामात प्रामाणिक असेल तर, शौकिनांपेक्षा घरोघरची दप्तरे धुंडाळीत हिंडणाऱ्या इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या पंथाला अधिक जवळचा होय. त्याची तारखांविषयीची हटवादी चिकाटी, कोणत्या खेपेस कोण वाजवीत होता याबद्दलचे त्याचे कज्जे, तबकडीच्या कोऱ्या पट्टीवरील कोरीव आकडे भिंगाखाली वाचण्याची त्याची सवय या गोष्टी बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटतात. पण दस्तऐवजाची पारख करणारा मनुष्य याखेरीज दुसरे काय करतो?

या दप्तराचा पहिला कागद २६ फेब्रुवारी १९१७ चा आहे. त्या दिवशी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड या पाच गोऱ्या वादकांच्या संचाचे ध्वनिमुद्रण केले आणि जॅझ या नावाने विक्रीस आलेली पहिली तबकडी त्यातून निघाली. ज्यांनी हे संगीत घडवले त्या कृष्णवर्णीयांना मात्र आणखी काही वर्षे थांबावे लागले. १९२३ च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा संच इंडियाना संस्थानातील रिचमंड या लहानशा गावी गेनेट कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात दाखल झाला. ही कंपनी मुळात पियानो बनवणाऱ्या एका कारखान्याची शाखा होती, इमारतीला लागूनच लोहमार्ग होता, आणि गाडी जाऊ लागली की काम तहकूब ठेवावे लागे. विजेचा मायक्रोफोन अजून आला नव्हता. सर्व वादकांनी एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडासमोर दाटीवाटीने उभे राहावयाचे, आणि त्या ध्वनीच्या धक्क्याने हलणारी सुई मेणात चरी कोरीत जावयाची, असा प्रकार. मोठा ढोल वाजवला तर सुई उसळून चरी बिघडे, म्हणून तालवादकाला लाकडी ठोकळ्यांवर समाधान मानावे लागे. त्या संचात दुसरा कॉर्नेट वाजवणारा एकवीस वर्षांचा आर्मस्ट्राँग होता. त्याचा स्वर इतका जबरदस्त की त्याला कर्ण्यापासून बराच दूर उभे करावे लागले, अशी कथा आहे. तेव्हा या तबकड्या ऐकून ऑलिव्हरच्या संचात ढोल नव्हताच असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. १९२५ साली विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावरच खर्ज आणि ताल यांना तबकडीत खरी जागा मिळाली.

त्या काळची तबकडी आजच्यासारखी विनाइलची नव्हती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळ्या, ठिसूळ चकतीत दगडाची भुकटी आणि काजळी बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख, आणि जगातील उत्तम लाखेचा मोठा भाग येई तो छोटा नागपूरच्या जंगलांतील पळस, कुसुम आणि बोर यांच्या झाडांवरून. या जिनसेचे महत्त्व एवढे की १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे केवळ लाखेच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली. शिकागोतील एखाद्या खोलीत आर्मस्ट्राँगने फुंकलेला स्वर आदिवासींनी फांद्यांवरून खरवडून आणलेल्या लाखेत उमटून जगभर गेला, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. मला ती जॅझच्या इतिहासातील लक्षात ठेवण्याजोगी बाब वाटते.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या मर्यादेतून काय साधता येते ते निराळे सांगावयास नको; तासभर चालणारा विस्तार ज्याच्या अंगी मुरलेला आहे तो कलावंत तीन मिनिटांत त्याचा अर्क देतो. जॅझवादकांनीही तेच केले. २८ जून १९२८ रोजी आर्मस्ट्राँगने मुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ या तबकडीच्या आरंभी कोणाचीही साथ न घेता त्याने एकट्याने ट्रंपेटवर जी काही क्षणांची झेप घेतली आहे, तिने यापुढे या संगीतात एकट्या वादकाचे स्थान काय राहील याचा निवाडाच करून टाकला. नृत्यगृहात त्याला वेळेचे बंधन नव्हते. तबकडीने ते घातले, आणि त्या बंधनाचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

दप्तर म्हटले की त्यात खंड आलेच. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो या तिच्या अध्यक्षाच्या हुकमावरून, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तबकड्या रेडिओवर आणि उपाहारगृहांतील यंत्रांत वाजू लागल्यामुळे वादकांची रोजी बुडते, तिचा मोबदला कंपन्यांनी द्यावा, असा हा वाद होता. मोठ्या कंपन्यांपैकी व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ पर्यंत दाद दिली नाही. त्याच सुमारास युद्धामुळे लाखेचाही दुष्काळ पडला होता, आणि तबकड्यांसाठी तिचा वापर सुमारे ७० टक्के कमी करण्याची ताकीद सरकारने दिली होती. आता नेमक्या याच दोन वर्षांत हार्लेममधील मिंटन्स प्लेहाऊससारख्या ठिकाणी रात्री उशिरा जमणारे तरुण वादक जॅझचे रूप आमूलाग्र बदलीत होते. अर्ल हाइन्सच्या १९४३ च्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी दोघेही होते. त्या वाद्यवृंदाची त्या काळातील एकही तबकडी बाजारात आली नाही. परिणामी बीबॉप ही शैली आकाशातून पडावी तशी १९४५ साली एकाएकी अवतरली, असे केवळ तबकड्यांवर विसंबणाऱ्यास वाटते.

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी सव्हॉय कंपनीसाठी पार्करने केलेले ‘को-को’ हे मुद्रण या नव्या शैलीचे आद्यपीठ. ‘चेरोकी’ या लोकप्रिय गीताच्या स्वरमेळांवर ते उभारलेले आहे. कायद्याने मालकी असते ती चालीवर, स्वरमेळांवर नव्हे. म्हणून जुन्या गीताचा सांगाडा घेऊन त्यावर नवी चाल चढवण्याचा शिरस्ता या मंडळींत पडला होता, आणि त्यात कलेइतकाच हिशेबही होता. पहिल्या खेपेस वादक मूळ गीताची चालच वाजवू लागले, तोच शिट्टी आणि टाळ्या यांनी त्यांना थांबवण्यात आले. मालकाला हक्काची रक्कम द्यावी लागू नये म्हणून, असे सांगतात. ती अर्धवट खेप कंपनीने जपून ठेवली, ती पुढे प्रसिद्धही झाली, आणि पाठोपाठ दुसरी, पूर्ण खेप ऐकली म्हणजे एखाद्या कवीचा खोडाखोडीचा कागद हाती यावा तसे वाटते. डीन बेनेडेट्टी नावाचा एक भक्त तर १९४७-४८ मध्ये पार्कर जेथे वाजवील तेथे यंत्र घेऊन जाई आणि पार्करची पाळी संपली की यंत्र बंद करी. त्याचा हा ठेवा १९९० साली मोझेक कंपनीने प्रसिद्ध केला. इतर वादकांना त्याने कापून टाकले याचा राग येतो खरा. पण त्याने एवढेही केले नसते तर हातात काय उरले असते?

या सर्व सामग्रीची पद्धतशीर नोंद करण्याचे शास्त्र अमेरिकेत नव्हे, फ्रान्समध्ये रुजले. चार्ल्स दलोने या चित्रकार आईबापांच्या मुलाने १९३६ साली पॅरिसमध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ हा ग्रंथ काढला आणि तबकडीवर न छापलेली वादकांची नावे, तारखा, साच्यांचे क्रमांक यांची यादी लावली. न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेबलर हा कमोडोर नावाच्या दुकानाचा चालक जुन्या तबकड्या पुन्हा काढताना लेबलावर प्रत्येक वादकाचे नाव छापू लागला. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्यापूर्वी तबकडीवर बहुधा केवळ नायकाचे नाव असे आणि बाकीचे निनावी राहत.

विनाइलची दीर्घ तबकडी कोलंबिया कंपनीने २१ जून १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जाहीर केली. फेरे मिनिटाला ३३⅓, चऱ्या पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक, आणि बारा इंची तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत. विनाइलमध्ये दगडाची भुकटी नाही, म्हणून ती खरखर नाही. खर्जाच्या स्वरांना चरीत फार रुंद वळणे लागतात, सबब कोरताना खर्ज दाबावयाचा आणि तार स्वर उचलावयाचे, व वाजवताना यंत्राने नेमके याच्या उलट करावयाचे, अशी तजवीज असते. तिचे प्रमाण १९५४ साली सर्व अमेरिकी कंपन्यांसाठी ठरले, त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा मार्ग निराळा. आणखी एक गोष्ट श्रोत्याने ध्यानात ठेवावी. तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे २० इंच चरी सरकते, तर मध्याजवळ ८ इंचांच्या आसपास. म्हणून बाजूच्या अखेरच्या रचनेत झांजांची झळाळी थोडी मंदावते. तो दोष वादकाचा नसतो.

दीर्घ तबकडीने जॅझला वेळ दिला, आणि त्याबरोबर लबाडीची संधीही दिली. ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने १९३७ ची एक जुनी द्विदल रचना वाजवली, आणि तिच्या दोन भागांमध्ये पॉल गोन्साल्विस याने टेनर सॅक्सोफोनवर सत्तावीस आवर्तने केली. (नावावरून कोणी त्यास गोमंतकीय समजेल, त्याचे आईबाप केप व्हर्दच्या वंशाचे.) श्रोते खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले, एलिंग्टनचे ओसरलेले नशीब एका रात्रीत फिरले, आणि त्या मैफलीची म्हणून निघालेली तबकडी त्याच्या आयुष्यात सर्वाधिक खपली. परंतु तिच्यातील बराच भाग महोत्सवानंतर लगेच ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा वाजवून, वर टाळ्यांचा गजर चढवून सिद्ध केलेला होता. आणि गोन्साल्विस कोलंबियाच्या नव्हे तर व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिल्यामुळे तो ऐकू येतो तो दुरून. त्या रेडिओच्या फिती पुढे सापडल्या आणि १९९९ साली दोन्ही मुद्रणे जुळवून त्या रात्रीचा खरा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक वर्षे लोकांनी बनावट कागदावर विश्वास ठेवला होता, आणि मौज ही की त्या कागदाने सांगितलेली हकिकत मुळात खरीच होती.

संग्राहकांच्या शौकाचे शिखर मात्र ब्लू नोट या कंपनीभोवती आहे, आणि ते अकारण नाही. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायन या ज्यू निर्वासिताने १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ती काढली. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ हा छायाचित्रकार लवकरच तीत सामील झाला. मुद्रणाआधी वादकांना तालीम करू देऊन त्या वेळेचाही मोबदला देण्याची या कंपनीची रीत होती. १९५३ पासून तिचे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर करू लागला. हा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे देई आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतील हॅकनसॅक येथे आईबापांच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करी. १९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्स येथे उंच लाकडी छताचे स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह बांधल्यावरच त्याने चष्म्यांचा धंदा सोडला. वुल्फने मुद्रण चालू असताना टिपलेल्या छायाचित्रांवरून रीड माइल्स हा आरेखक वेष्टने तयार करी; ती आज चित्रांसारखी भिंतीवर लावतात, आणि त्याला स्वतःला जॅझची विशेष गोडी नव्हती असे सांगतात.

या कंपनीची तबकडी पहिल्या आवृत्तीची आहे की नाही हे ठरवण्याची रीत मोडी कागदावरील शिक्के पाहण्यापेक्षा फारशी निराळी नाही. लेबलावर ७६७ लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू हा पत्ता असेल तर ती १९५७ च्या सुमाराची किंवा आधीची. ४७ वेस्ट ६३ हा असेल तर त्यानंतरची. नुसते न्यूयॉर्क असेल तर आणखी पुढची. आणि लिबर्टी कंपनीचे नाव असेल तर मालकी बदलल्यानंतरची. चऱ्या संपल्यावर लेबलापर्यंत जो कोरा पट्टा उरतो त्यात व्हॅन गेल्डरच्या नावाची मोहोर आणि प्लॅस्टिलाइट या कारखान्याची, कानाच्या आकृतीसारखी दिसणारी, हाताने कोरलेली खूण हवी. या कारखान्यात तबकड्या काढणे कंपनीने १९६६ च्या सुमारास थांबवले, तेव्हा कान नसलेली प्रत बहुधा नंतरची समजावी. हँक मोब्लीच्या १५६८ क्रमांकाच्या तबकडीसारख्या काही प्रतींना या खुणांच्या जोरावर हजारो डॉलर पडतात. ही किंमत दुर्मिळतेची आहे, वादनाची नव्हे. मोब्लीने याहून सरस वाजवलेले पुष्कळ आहे.

पहिली आवृत्ती नेहमीच अधिक खरी असते, हाही एक भ्रमच. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझमधील सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक. तिचे मुद्रण १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवशी कोलंबियाच्या, पूर्वी चर्च असलेल्या, वास्तूत झाले. पहिल्या दिवशी फीत फिरवणारे यंत्र किंचित मंद चालत होते. परिणामी योग्य वेगाने वाजवताच त्या दिवशीच्या तीन रचना, म्हणजे तबकडीची संपूर्ण पहिली बाजू, थोडी चढ्या स्वरात आणि थोडी जलद ऐकू येते. तिच्यासोबत सराव करणारे विद्यार्थी आपले वाद्य जुळत का नाही म्हणून वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहिले. १९९० नंतर राखीव यंत्रावरील फितीवरून ही चूक दुरुस्त झाली, तेव्हा १९५९ ची महागडी प्रत चुकीचा स्वर सांगते आणि नंतरची स्वस्त आवृत्ती खरा सांगते, असा उफराटा न्याय येथे लागू आहे. उलटपक्षी मूळ फितीही अमर नसतात. १९७८ साली न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथील आगीत अॅटलांटिक कंपनीच्या अप्रकाशित फितींचा फार मोठा साठा भस्मसात झाला. २००८ च्या हॉलिवूडच्या आगीत इंपल्ससारख्या कंपन्यांच्या किती फिती गेल्या याविषयी अजून वाद आहे. अशा वेळी कोणाच्या कपाटातील एखादी प्रतच शेवटचा पुरावा ठरते.

आपल्याकडच्या दप्तराकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० नंतरच्या दशकात अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचे संच येऊन राहिले. त्यांपैकी टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक कलकत्त्यात स्थायिक होऊन तेथे कोलंबियासाठी तबकड्या करून १९४५ साली तेथेच वारला. बार्देशातील हळदोण्याचा अंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रंपेट वाजवी, आणि सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतातील त्या झोकदार पितळी वाद्यांच्या मागे त्याचा हात होता. चोरबाजारातील गठ्ठे चाळणाऱ्या मराठी संग्राहकाने ब्लू नोटच्या कानाआधी या मंडळींची नावे शोधावीत, अशी माझी शिफारस आहे. तेथे स्पर्धा कमी आणि कामाची निकड जास्त आहे.

नव्याने आरंभ करणाऱ्याने पहिल्या आवृत्तीच्या मागे लागू नये. मूळ फितीवरून काळजीपूर्वक काढलेल्या नव्या आवृत्त्या मिळतात, त्या कानाला पुरेशा आहेत. एक बाजू सलग ऐकावी, प्रथम केवळ नायकाकडे लक्ष देऊन, मग पुन्हा केवळ खर्जाच्या तंतुवाद्याकडे, आणि मग केवळ झांजांकडे. वेष्टनाच्या पाठीवरील मजकूर आणि तारीख वाचल्याखेरीज तबकडी कपाटात ठेवू नये. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत, आणि लाखेच्या जुन्या तबकडीवर विनाइलची सुई चुकूनही टेकवू नये. तिच्या रुंद चरीला तिप्पट जाड टोकाची निराळी सुई लागते. पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च तबकडीवर न करता सुईवर करावा, कारण हिऱ्याची सुईसुद्धा ५०० ते १००० तासांत झिजते, आणि झिजलेल्या सुईने खरवडलेली चरी दुरुस्त करण्याचा उपाय अद्याप निघालेला नाही.